शालिकभाऊंची बोटं

शालिकभाऊ तायडे चहाचा ग्लास कधी उघड्या हातानं धरत नसत. टपरीवाला ग्लास आणून समोर ठेवी. शालिकभाऊ खिशातून रुमाल काढत, त्याची चौपदरी घडी करत, ती ग्लासाभोवती गुंडाळत आणि मगच चहा बशीत ओतून पीत. उन्हानं रापलेला, रुंद हाडाचा, पन्नाशी ओलांडलेला गडी आणि ग्लास धरायची ही तऱ्हा. टपरीवाला त्यांना नवरीबाई म्हणायचा. मलाही पहिल्यांदा हसू आलं होतं. ते त्यांनी पाहिलं आणि न लाजता कारण सांगितलं.

"बोट भाजलं का कातडं जाड होते, बाई. कातडं जाड झालं का मंग तार बोलत नाई."

अकोल्यात पातूर रोडला त्यांची टिनाची शेड होती. गाड्यांची वायरिंगची कामं करायचे. एकटेच. बाहेर हातानं रंगवलेली पाटी, आत एक लाकडी बाक, एक मीटर, तारा डाग देऊन जोडायचं सोल्डरिंग आयर्न, भिंतीवर बुद्धाचं चित्र आणि कोपऱ्यात पाण्याचा ड्रम. ड्रमाजवळच्या दगडावर साबणाची वडी असे. इतर गॅरेजांत शिरलं की ग्रीसचा वास यायचा, शालिकभाऊंच्या शेडमध्ये साबणाचा यायचा. तारेला हात लावण्याआधी ते दोन्ही हात कोपरापर्यंत धूत, बोटं एकेक करून पुसत, आणि गिऱ्हाईक घाईत असलं तर जास्तच सावकाश पुसत.

मी अकोल्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. घर अमरावतीला. सोमवारी सकाळी गाडी काढायची, आठवडाभर अकोल्यात खोलीवर राहायचं, शनिवारी दुपारी परत. गाडी मी जुनी घेतलेली. आधीचा मालक एक कापसाचा जिनिंगवाला, किल्ल्या हरवण्यात पटाईत. म्हणून त्यानं बाहेरून मागवून ड्रायव्हरच्या दारावर, काचेच्या खाली, एक कीपॅड बसवून घेतलं होतं. एका ओळीत पाच रबरी बटणं. आपला नंबर दाबला की दार उघडतं, किल्ली लागत नाही. स्टाफरूममध्ये माझ्या गाडीला एटीएम म्हणत. ते कीपॅड इतक्या वेळा बिघडलं नसतं, तर मी शालिकभाऊंच्या शेडकडे फिरकलेही नसते.

पहिली भेट एप्रिलमधली. बारावीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मागच्या सीटवर, किल्ली पर्समध्ये, पर्सही आत, आणि मी कॉलेजच्या फाटकाशी दुपारच्या उन्हात उभी. नंबर दाबून दाबून बोट दुखायला लागलं होतं. एक मेकॅनिक येऊन काच फोडा असं सांगून गेला होता. शिपायानं मग शालिकभाऊंना फोन लावला. ते मोपेडवर आले, उतरले, दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी मला म्हणाले, तुम्ही रोज जसं उघडता तसं उघडा. मी म्हटलं, उघडत नाही म्हणून तर बोलावलं. ते म्हणाले, तरी उघडा. मी नंबर दाबला. ते डोळे मिटून शेजारी उभे. मग एक तळहात कीपॅडवर ठेवला.

"ताप आला याले," ते म्हणाले.

खांद्यावरचा दुपट्टा त्यांनी माझ्या बाटलीतल्या पाण्यात भिजवला आणि कीपॅडवर ठेवला, तापल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. दुपट्टा वाळला की पुन्हा भिजवायचा. तोवर मला विचारत होते, काल काय केलं? गाडी धुतली का? कुठं उभी केली होती? तोंड कुठल्या दिशेला होतं? त्यांचं म्हणणं असं की गाडी आज बिघडत नाही, काल बिघडते. आज फक्त आपल्याला कळतं. दहा मिनिटांनी म्हणाले, आता दाबा. दार उघडलं. एक बटण उन्हानं फुगून आपल्या खाचेत अडकून बसलं होतं. दाराच्या आतल्या सर्किटच्या डबीला वाटत होतं की त्यावर कुणाचं तरी बोट आहे, म्हणून ती पुढचं काही ऐकतच नव्हती. उष्णतेनं पदार्थ प्रसरण पावतात हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते आणि त्यावर मार्क कापते. शालिकभाऊंना हे कळलं तेव्हा त्यांना फार आनंद झाला. पुढे कित्येक वर्षं ते मला त्यावरून चिडवायचे, की पोरांना करंट शिकवता, मला एकदा सांगा करंट लागतो तेव्हा कसं वाटतं.

त्यांच्या धंद्याचा एक कायदा होता. गाडीतला प्रत्येक भाग त्यांच्या लेखी आरोपी होता आणि गुन्हा सिद्ध झाल्याशिवाय ते कुणाला फाशी देत नसत. भाग बदलणं कुणालाही जमतं, म्हणायचे, दोष सापडला पाहिजे. आधी तारा, मग जोड, मग शेवटी तो भाग. आणि फाशी दिलीच तर प्रेत घरच्यांच्या ताब्यात. म्हणजे काढलेला भाग ते एका फडक्यात बांधून, वर कापडी पट्टीवर नाव लिहून, गिऱ्हाइकाच्या हातात देत. लोक म्हणत, आम्ही याचं काय करू? ते म्हणत, काही करू नका, ठेवा. उद्या मी चुकलो असं कळलं तर पुरावा पाहिजे.

बोलायला मात्र जीभ म्हणजे कोयता. आमच्या वऱ्हाडात तसंही कुणी शब्दाला साखर लावत नाही, पण शालिकभाऊंसमोर इतर लोक मवाळ वाटायचे. एक ठेकेदार मोठी गाडी घेऊन आला होता. दाराचं कुलूप महिन्यात तिसऱ्यांदा बिघडलं, सगळं नवीन टाका म्हणाला. शालिकभाऊंनी त्याला चार वेळा चढायला-उतरायला लावलं आणि पाहत राहिले. मग म्हणाले, "गाडीत काई दोष नाई. घरचा राग तुमी दारावर काढून राहिले. घरी जा अन् भांडण मिटवा." मी बाकावर होते. ठेकेदार लाल झाला, गाडीत बसला आणि निघताना त्यानं दार इतकं हळू लावलं की ते लागलंच नाही. चार दिवसांनी तोच ठेकेदार मिठाई घेऊन आला होता, असं टपरीवाला सांगतो. मी काही पाहिलं नाही.

त्यांचं खरं काम मी पाहिलं ते अमरावतीला, माझ्याच अंगणात. त्या वर्षी कीपॅडनं नवीनच खोड काढली होती. अकोल्यात चालायचं, अमरावतीत बंद. शनिवारी घरी पोचावं, रविवारी नंबर दाबावा, ढिम्म. सोमवारी किल्लीनं उघडून अकोल्याला आणावं, की मंगळवारी ठणठणीत. स्टाफरूममध्ये सांगितलं तर सगळे हसले. शालिकभाऊ हसले नाहीत. म्हणाले, आरोपी अमरावतीला गुन्हा करतो तर पंचनामा अमरावतीलाच झाला पाहिजे. आणि शनिवारी खरोखरच मीटर नि साबणाची वडी पिशवीत घालून गाडीत बसले. बोरगाव, मूर्तिजापूर, बडनेरा, सगळ्या वाटेनं ते गाडीच्या आवाजावर बोलत राहिले. माझ्या ड्रायव्हिंगवर एकदाच बोलले, पण ते पुरेसं होतं.

घरी आल्यावर मला म्हणाले, रोज उतरता तशा उतरा. माझ्या घराचं पोर्च अरुंद. दार अर्धंच उघडतं, मी आडवी होऊन बाहेर निसटते. हे मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा केलं होतं की मला ते दिसायचं बंद झालं होतं. शालिकभाऊंनी ते पाहिलं आणि हात धुवायला पाणी मागितलं.

दार आणि गाडी यांच्या मधे, बिजागरीपाशी, एक रबरी नळी असते. दारातल्या सगळ्या तारा त्या नळीतून गाडीत जातात. दार उघडलं की त्या वाकतात, लावलं की सरळ होतात, वर्षानुवर्षं. शालिकभाऊंनी ती नळी सोडवली, तारा बाहेर घेतल्या आणि डोळे मिटून एकेक तार अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून सावकाश ओढायला लागले. चौथ्या का पाचव्या तारेवर थांबले. मला म्हणाले, हात धुऊन या. मी धुऊन आले. त्यांनी ती तार माझ्या चिमटीत दिली.

"ओढा. हळू. ... आता?"

बोटभर अंतरावर तार एकदम मऊ लागली. वरचं प्लास्टिक अखंड होतं, कुठे ओरखडाही नव्हता. आतलं तांबं तुटलं होतं. दार पूर्ण उघडून लावलं की तुटलेली टोकं एकमेकांना टेकायची, अर्धं उघडून लावलं की नाही. अकोल्यात मी दार पूर्ण उघडत होते, एवढंच. त्यांनी तार जोडली, वर टेप गुंडाळला, माझ्या आईच्या हातची वांग्याची भाजी दोनदा वाढून घेऊन हाणली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. त्या मऊपणाची आठवण माझ्या बोटांत राहिली. ती पुढे मला नको होती तेव्हा कामाला आली.

त्यांच्या बाबतीत काहीतरी बदलतंय हे मला कधी कळलं, ते नेमकं सांगता येत नाही. एका उन्हाळ्यात मी शेडमध्ये बसले होते आणि ते ड्रमाकडून माझ्याकडे चालत आले तेव्हा त्यांच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी ड्रमाजवळच राहिली होती. तापलेल्या फरशीवर उघडा पाय टाकत ते आले आणि गप्पा मारायला लागले. मी चपलेकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, अरे हो, आणि जाऊन घालून आले. त्यांना शुगर होती हे मला माहीत होतं. सुमनवहिनी, म्हणजे त्यांची बायको, दुपारी डबा घेऊन येत आणि भाताच्या कप्प्याकडे त्यांची नजर गेली की झाकण लावून टाकत. आम्ही त्यावर हसत असू.

मग दिवाळीनंतर एकदा मी गेले तर टपरीवाला चहा ठेवून गेला होता आणि शालिकभाऊंनी ग्लास सरळ मुठीत धरला होता. रुमाल नव्हता. ग्लासातून वाफ निघत होती. मी माझा ग्लास काठाला धरून उचलला तरी चटका बसला. त्यांना विचारलं, भाजत नाही का? ते ग्लासाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "थंडाच आणते हा आजकाल." मी बरं म्हटलं. फिजिक्सची शिक्षिका, एकाच केटलीतले दोन ग्लास, आणि मी बरं म्हटलं.

त्याच थंडीत कीपॅड पुन्हा रुसलं. कधी नंबर घ्यायचं, कधी नाही. मी गाडी शेडसमोर लावली. शालिकभाऊंनी हात धुतले, नळी सोडवली, तारा बाहेर काढल्या, एकेक ओढून पाहिली. यावेळी फार लवकर आटोपलं. तारा ठीक आहेत म्हणाले. मग कीपॅड दारातून काढून मीटरला जोडलं आणि बटणं दाबायला लागले. मधल्या बटणावर थांबले. पुन्हा दाबलं. मीटरचा काटा हलला नाही.

"हे मेलं," ते म्हणाले. "टिक येत नाई. बदलवा लागन."

इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच मला आधी तुम्ही दाबा असं म्हटलं नव्हतं. ते फडकं शोधायला आत वळले तेव्हा मी कीपॅड उचललं आणि मधलं बटण दाबलं. टिक आली. स्वच्छ, बोटाला लागेल अशी. मीटरचा काटाही टोकाला गेला. मी पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मग माझ्या ध्यानात आलं की बटण दाबलं गेल्याचं बोटाला कळलं नाही तर माणूस अर्धवटच दाबतो. बटणाला काही झालं नव्हतं.

मी म्हटलं, भाऊ, जरा पुन्हा एकदा पाहता का? ते म्हणाले, "पाह्यलं न, बाई." त्यांच्या कपाळावर घाम होता. डिसेंबर होता. मी पुढे काही बोलले नाही. त्यांनी कीपॅड फडक्यात बांधलं, पट्टीवर जाड पेनानं 'बाई, मधलं बटन' असं लिहून माझ्या हातात दिलं. अक्षर पहिल्यासारखं राहिलं नव्हतं. मी ते पुडकं डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकलं. नवीन कीपॅड आठवड्यानं आलं, त्यांनी बसवलं.

ते अमरावतीला पहिल्याच रविवारी बंद पडलं. मी हात धुतले. पोर्चमध्ये बसून रबरी नळी सोडवली आणि तारा ओढून पाहिल्या. जुन्या जोडापासून दोन बोटांवर एक तार मऊ लागली. मला शोधावंही लागलं नाही. ही तार थोड्याच दिवसांपूर्वी त्यांच्या चिमटीतून गेली होती आणि त्यांना ती लागली नव्हती. नांदगाव पेठच्या रस्त्यावरच्या एका इलेक्ट्रिशियनकडून मी ती जोडून घेतली. त्यानं मला काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही.

सोमवारी शालिकभाऊंनी शेडमधूनच मला हात केला. मी गाडी थांबवली. त्यांनी विचारलं, कीपॅड कसं आहे? मी म्हटलं, मस्त चालतंय.

त्यांचा चेहरा असा उजळला की मला नजर बाजूला घ्यावी लागली. मग ते गाडीच्या खिडकीशी वाकून, हलक्या आवाजात म्हणाले, "तुमची वैनी लय दिवसापासून म्हणून राह्यली, दुकान बंद करा, हातातलं पडते तुमच्या. मी म्हनलं, बाईच्या गाडीवर पाहू. माही बोटं चुकली तं मी शटर टाकतो. नाई चुकली तं तू मले पुन्ना म्हणू नको."

अजून वेळ होता. इंजिन चालू होतं, पाय क्लचवर होता, आणि खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. ज्या माणसानं आयुष्यभर सगळ्यांना तोंडावर सांगितलं, त्याच्या तोंडावर मला सांगता आलं नाही. लहानपणापासून आम्हाला म्हणतात, वऱ्हाडी माणूस फटकळ. मी त्या दिवशी फार सभ्य होते. पहिला तास आहे, येते, असं म्हणून निघाले. तास दुसरा होता.

होळीच्या आधी त्यांचा हात भाजला. ते बाकावर बसून एका स्कूटरची तार जोडत होते, सोल्डरिंग आयर्न तापलेलं होतं, आणि त्यांनी ते मुठीऐवजी पुढच्या तापत्या दांडीला धरलं. किती वेळ धरलं होतं ते कुणाला माहीत नाही. जळका वास टपरीवाल्याला आला. तो ओरडत आला तेव्हा शालिकभाऊ प्लास्टिक कुठलं जळतंय म्हणून बाकाखाली पाहत होते. जखम शुगरमुळे भरली नाही. सरकारी दवाखान्यात महिनाभर होते. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट काढावं लागलं.

मी एकदा पाहायला गेले. ते झोपले होते. हात पांढऱ्या पट्टीत, छातीवर. सुमनवहिनी स्टुलावर बसल्या होत्या. माझ्यासाठी उठल्या, मी त्यांना बसवलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या गाडीचं काम बरोबर झालं तवा लय खुश होते. मी बी मंग बोलली नाई." मी खाटेच्या दांड्यावर उडालेला रंग पाहत उभी होते. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. वाईट वाटेल असं वाटलं, तेही नीट वाटलं नाही. पायरीवर बराच वेळ बसलं की पायाला मुंग्या येतात आणि मग त्या पायाचं काहीच कळत नाही, तसं काहीतरी छातीत झालं होतं. खाली येऊन गाडीत बसले, आणि कुठे जायचं ते आठवेना. मग कॉलेजला गेले आणि विद्युतधारेवरचा धडा घेतला. पोरांना चांगला कळला म्हणे.

त्यानंतर मी पातूर रोडनं जाणं टाळलं. लांबचा रस्ता घ्यायची. शेड बंद असल्याचं मला शिपाई सांगायचा. पावसाळा गेला. मग एक दिवस टपरीवाला स्वतः कॉलेजच्या फाटकाशी आला. शालिकभाऊंनी पातूरहून, त्यांच्या गावच्या घरून, निरोप पाठवला होता. बाईला सांगा, ते जुनं बटन घेऊन या.

पुडकं अजून कप्प्यातच होतं. मी ते काढायची हिंमत केली नव्हती. रविवारी सकाळी पातूरला गेले. घर गावाच्या कडेला, पुढं अंगण, अंगणात बाज, बाजेवर शालिकभाऊ. निम्मे झाले होते. सुमनवहिनींनी चहा आणला. त्यांच्यापुढे ग्लास ठेवण्याआधी वहिनींनी स्वतः त्याला रुमाल गुंडाळला आणि बोटानं तपासून दिला. त्यांनी तो डाव्या हातानं घेतला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. गाडी पार्क करताना मी दार उन्हाच्या बाजूला ठेवलंय, हे त्यांनी तिथूनच सांगितलं.

मग ते सांगायला लागले. दवाखान्यात पडल्या पडल्या एक दिवस त्यांनी डाव्या हातानं भिंतीवरचं पंख्याचं बटण दाबलं. बोटाला टिक आली नाही. बटण मेलं असं वाटलं आणि मान वर केली तर पंखा फिरत होता. त्यांनी बंद केलं, चालू केलं, चार-पाच वेळा. टिक एकदाही आली नाही आणि पंखा दर वेळी फिरला. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात माझ्या गाडीचं मधलं बटण होतं.

"द्या," ते म्हणाले.

मी गाठ सोडून कीपॅड त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते डाव्या हातात घेतलं, उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी सावरलं. दाबलं नाही. उचलून कानाशी नेलं, डोळे मिटले आणि मग अंगठ्यानं मधलं बटण दाबलं. मी समोर बसले होते, मलाही ऐकू आलं. त्यांनी पुन्हा दाबलं.

"जिवंत हाये," ते म्हणाले.

मी मान हलवली. त्यांचे डोळे मिटलेलेच होते म्हणून हो म्हणाले.

"तुमाले कवापासून मालूम?"

"त्याच दिवशी. तुम्ही आत गेलात तेव्हा मी दाबून पाहिलं."

वहिनी दारात उभ्या होत्या, त्या आत गेल्या.

"मंग सांगतलं काहून नाई, बाई?"

यावर मी महिनोन्‌महिने उत्तरं तयार केली होती. तुम्हाला वाईट वाटलं असतं, एवढंच म्हणाले.

"वाटलं असतं," शालिकभाऊ म्हणाले. आवाजात राग नव्हता. तार कुठे तुटली हे सांगताना त्यांचा जसा आवाज असे तसाच होता. "वाईट वाटलं असतं, अन् मी शटर टाकलं असतं. बोटं राह्यली असती."

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, मग खरा दोष कुठं होता? मी सांगितलं, नळीतच, तुमच्या जुन्या जोडापासून दोन बोटांवर. त्यांनी मान डोलावली. कुणी शोधला, विचारलं. मी म्हटलं, मी. हात धुतले होते का, विचारलं. मी म्हटलं, धुतले होते. तेव्हा ते थोडंसं हसले. तेवढ्यानं मला जे दवाखान्यात आलं नव्हतं ते आलं, आणि मी उठले.

कीपॅड परत मागायला मी हात पुढे केला नाही, त्यांनीही ते दिलं नाही. पुरावा होता, माझ्याकडे ठेवायला दिलेला, तो जिथं पोचायला हवा तिथं पोचला होता. मी अंगणातून बाहेर आले. गाडीचं दार उन्हानं तापलं होतं. नंबर दाबला, दार उघडलं, आणि बसण्याआधी एकदा मागे पाहिलं. शालिकभाऊ बाजेवर तसेच होते, मान एका बाजूला कलवून, कीपॅड कानाशी धरून. एकेक बटण सावकाश दाबत होते, दाबल्यावर थांबत होते, आणि मग पुढच्यावर जात होते.